नळ्या साफ आहेत, मग बीपी कशाला?

गेल्या अंकात घरच्या घरी बीपी कसं मोजावं यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत मशीनबद्दलचे प्रश्न थोडेच निघाले. बहुतेकांना त्यामागच्या रक्तवाहिन्यांबद्दल विचारायचंय. नागपुरात आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलेल्या बाईला याहून आवडता विषय कोणता असणार! म्हणून यावेळी फक्त लहान धमन्या.

प्रश्न : मॅडम, मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. वय ६४. बीपीच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून सुरू आहेत. मध्यंतरी चालताना छाती भरून आल्यासारखी वाटली म्हणून अँजिओग्राफी केली. नळ्या एकदम साफ निघाल्या. पण इकोमध्ये हृदयाची भिंत जाड झाल्याचं लिहिलंय. नळ्या साफ आहेत तर बीपी कशाला वाढतं? जावई म्हणतो, गोळ्या बंद करून पाहा. — सक्करदऱ्याहून एक वाचक

उत्तर : भाऊ, आधी जावयाचं ऐकू नका. गोळ्या सुरू ठेवा, बाकीचं मग बोलू.

अँजिओग्राफी खोटं बोलत नाही, पण तिची नजर मोठ्या धमन्यांपुरती आहे. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक फांद्या त्या चित्रात दिसत नाहीत, आणि बीपीचा मुक्काम नेमका त्यांच्याच खाली असतो. हृदयातून निघालेलं रक्त महाधमनीतून पार मनगटापर्यंत आलं तरी त्याचा सरासरी दाब फारसा उतरत नाही. तो उतरतो एक तृतीयांश मिलिमीटरहून बारीक धमन्यांत आणि त्यांच्या पुढच्या धमनिकांत, म्हणजे त्याहून बारीक फांद्यांत. रक्ताला खरा अडसर तिथे होतो. तो वाढला की तेवढंच रक्त पुढे ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि वर्षानुवर्षं जोर लावणारा स्नायू जाड होतो. तुमच्या इकोत दिसलंय ते हेच.

या अडसराचं गणित फ्रेंच डॉक्टर पॉइझेय यांनी १८४० च्या दशकात काचेच्या केशनळ्यांतून पाणी सोडून मांडलं. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडसर सोळापट होतो. ती अवघी १० टक्क्यांनी घटली तरी अडसर दीडपट. हे मी फळ्यावर सोडवून दाखवायची तेव्हा मागच्या बाकावरचे चेहरेही वर व्हायचे. दहा टक्के म्हणजे किती, तर पाव मिलिमीटर व्यासाच्या धमनीत ०.०२५ मिलिमीटर. एवढ्याशा फरकावर माणसाचं बीपी हलतं.

शंका तशी जुनी आहे. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच मूत्रपिंडाच्या रुग्णांची जाड झालेली हृदयं पाहून अंदाज केला होता की बारीक रक्तवाहिन्यांत काहीतरी बिघडत असावं. १८६८ मध्ये जॉर्ज जॉन्सन यांनी अशाच रुग्णांच्या मूत्रपिंडातल्या लहान धमन्यांची भिंत जाड झालेली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. तरी पुढे कितीतरी काळ डॉक्टर मंडळी म्हणत राहिली की या धमन्या नुसत्या आकसलेल्या आहेत, आकस सुटला की सगळं ठीक होईल. स्वीडनच्या ब्यॉर्न फोल्को यांनी त्यावर साधा, बिनतोड प्रयोग केला. माणसाच्या हाताच्या पुढच्या भागातल्या रक्तवाहिन्या शक्य तितक्या पूर्ण सैल करायच्या आणि मग अडसर मोजायचा. १९५८ मध्ये त्यांच्या गटाने छापलं ते असं : सगळा आकस काढून घेतला तरी उच्च रक्तदाबाच्या माणसात अडसर जास्तच राहतो. म्हणजे फरक बांधणीतच आहे.

ही बांधणी बदलते कशी, हे मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतं. आपल्याला वाटतं की धमनी अरुंद झाली म्हणजे आत काहीतरी साचलं. तुमच्या प्रकारच्या बीपीत बहुधा तसं नसतं. जुनी विहीर उकलून, त्याच विटा वापरून, घेर थोडा आत घेऊन पुन्हा बांधली तर काय होईल? विटा तेवढ्याच, पण विहीर अरुंद आणि भिंत जाड. लहान धमन्यांत स्नायूपेशी अशाच नव्याने लागतात. एकूण ऐवज जवळपास तेवढाच राहतो, मांडणी आत सरकते. शरीराच्या बाजूने पाहिलं तर हा शहाणपणाच आहे. आतला दाब वाढला की भिंतीवरचा ताण वाढतो. घेर कमी आणि भिंत जाड केली की तो ताण पुन्हा पहिल्यासारखा होतो. भिंत स्वतःला वाचवते, किंमत हृदय आणि मूत्रपिंड मोजतात.

तुमच्या छातीच्या तक्रारीबद्दल : नळ्या साफ निघाल्या म्हणून ती तक्रार निकाली निघाली असं समजू नका. हृदयाच्या स्नायूतल्या बारीक धमन्यांच्या बिघाडानेही छाती भरून येऊ शकते. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. आणि चालताना पुन्हा तसं झालं आणि थांबल्यावरही गेलं नाही, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : धमन्या आतून धुऊन काढणाऱ्या काढ्याचा मेसेज सगळीकडे फिरतोय. लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर, मध. घ्यावा का? — इतवारीहून एक गृहिणी

उत्तर : वरचं उत्तर वाचलंत ना? बीपीच्या लहान धमन्यांत धुण्यासारखं काही बसलेलंच नसतं. शिवाय काढा पोटात जातो, पचतो, त्याची वेगळी वाट असते. मधुमेह असेल तर त्यातला मध मोजा. बाकी लसूण भाजीत घाला, छान लागतो.

प्रश्न : आईला (वय ५८) साखर आणि बीपी दोन्ही आहे. आता बीपी १३० च्या आसपास असतं. आकडा नीट झाला म्हणजे तुम्ही म्हणता त्या धमन्याही नीट झाल्या का? की आतलं नुकसान तसंच राहतं? — मुलगी, हिंगणा रोड

उत्तर : फार नेमका प्रश्न आहे. हाच प्रश्न १९९० च्या दशकात काही संशोधकांनी रुग्णांच्या परवानगीने त्यांच्या ढुंगणावरच्या त्वचेखालचा चरबीचा छोटा तुकडा काढून सोडवला. हसू नका, जागा सोयीची आहे. तिथे चरबीत पाव मिलिमीटरच्या धमन्या मिळतात आणि टाका कुणाला दिसत नाही. उपचारांआधी एक तुकडा, वर्षभराने दुसरा.

डेन्मार्कमध्ये पेरिंडोप्रिल आणि ॲटेनोलॉल या दोन गोळ्यांची अशी तुलना झाली, ती १९९५ मध्ये छापून आली. बीपी दोन्ही गटांत जवळपास सारखंच उतरलं. पण भिंतीची जाडी आणि पोकळी यांचं प्रमाण सुधारलं ते पेरिंडोप्रिलच्या गटात, ॲटेनोलॉलच्या गटात नाही. कॅनडात माँट्रियलच्या अर्नेस्टो शिफ्रिन यांच्या गटालाही तेच दिसलं, आधी त्याच जातीच्या सिलाझाप्रिलने आणि पुढे लोसार्टनने. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : आकडा नीट होणं आणि धमनी नीट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीही शक्य आहे.

असं का व्हावं? ॲटेनोलॉल मुख्यतः हृदयाचं काम कमी करतं, दुसऱ्या गोळ्या धमनीलाच सैल करतात. आणि धमनी ज्या मापात दीर्घकाळ ठेवली जाते त्या मापाची होऊन बसते. ॲमस्टरडॅमच्या एका गटाने २००५ मध्ये याचा एक धागा पकडला. शरीराबाहेर जिवंत ठेवलेली लहान धमनी सतत आकसलेली राहू दिली की ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम तिच्या भिंतीतल्या प्रथिनांत पक्के सांधे घालतं, आणि मग आकस सोडवला तरी ती पूर्वीइतकी उघडत नाही. आपलं रक्त साकळल्यावर गुठळी घट्ट करणारं एन्झाइम याच घराण्यातलं.

आईला साखर आहे, म्हणून एक जास्तीची गोष्ट. मधुमेहात या धमन्यांची भिंत नुसती आत सरकत नाही, तिच्यात खरंच भर पडते. वाढलेल्या दाबाला उलट आकसून पुढच्या केशवाहिन्यांना सांभाळायची त्यांची सवयही मोडते. त्यामुळे वरचा दाब डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या नाजूक जाळ्यापर्यंत थेट पोहोचतो. म्हणूनच मधुमेह्याच्या बीपीबाबत डॉक्टर जास्त कडक असतात आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायला लावतात. ती तपासणी दरवर्षी चुकवू नका.

हे वाचून कुणी आईची ॲटेनोलॉल परस्पर बंद करू नये. ती अचानक थांबवणं धोक्याचं असतं, आणि ती कशासाठी दिली आहे हे देणाऱ्यालाच ठाऊक.

प्रश्न : मॅडम, मी इथल्याच एका कॉलेजात एम. फार्म. करते, विषय फार्माकॉलॉजी. लहान धमन्यांच्या पुनर्रचनेवर पीएच.डी. करायची फार इच्छा आहे. पण सर म्हणतात, ते यंत्र आपल्याकडे नाही, कॉम्प्युटरवर डॉकिंग कर, पेपर लवकर निघतो. घरचे म्हणतात, नोकरी बघ. बाहेरच्या देशात जावं का? सुरुवात कुठून करू? — एक विद्यार्थिनी, अमरावती रोड

उत्तर : तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हाच ठरवलं की तुला सर्वांत जास्त जागा द्यायची.

डॉकिंगला मी नावं ठेवणार नाही. रेणू प्रथिनात कसा बसतो हे पाहायला ते चांगलं आहे. पण धमनी अरुंद का झाली याचं उत्तर पडद्यावर मिळत नाही. या विषयाची गाडी पुढे सरकली तीच मुळी कुणाला तरी एवढीशी धमनी हातात धरता आली तेव्हा. त्याआधी बहुतेक प्रयोग महाधमनीच्या पट्ट्यांवर चालायचे, आणि महाधमनीचा बीपीच्या अडसरात वाटा नगण्य. १९७६ मध्ये मायकेल मल्व्हनी आणि विल्यम हाल्पर्न यांनी दोन बारीक तारांवर लहान धमनीचा तुकडा ओवून तिचं बल मोजायची पद्धत मांडली. आज तिला वायर मायोग्राफ म्हणतात. पुढच्याच वर्षी त्यांनी आपोआप बीपी वाढणाऱ्या उंदरांच्या आणि साध्या उंदरांच्या धमन्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. तो उंदराचा वंश जपानचा, १९६३ मध्ये क्योटोच्या ओकामोटो आणि आओकी यांनी जाहीर केलेला.

काम कसं असतं ते ऐक, म्हणजे तुझं मन रमेल का ते तुलाच कळेल. उंदराच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा थंडगार क्षारद्रावणात पसरायचा. सूक्ष्मदर्शकाखाली घड्याळजीच्या चिमट्याने चरबी सोडवत जायची. दोन रक्तवाहिन्या जोडीने धावतात. जी गोल राहते ती धमनी, जी चपटी पडते ती शीर. दोन मिलिमीटरचा तुकडा कापायचा आणि त्याच्या पोकळीतून ०.०४ मिलिमीटर जाडीची तार ओढायची, मग दुसरी. मग ३७ अंशांवर, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत, तिला हळूहळू ताणून योग्य मापावर आणायचं. पोटॅशियम दिलं की ती आकसते. ॲसिटिलकोलीन दिलं की सैलावते, पण आतला अस्तराचा थर शाबूत असेल तरच. तार ओढताना हात अडखळला की तो थर खरवडला जातो आणि धमनी सैलावत नाही. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये हेच ओळखलं : पट्टी कापताना थर घासला गेला तर ॲसिटिलकोलीनने धमनी आकसते, थर टिकला तर सैलावते. त्या धाग्यावरून अस्तरातून निघून धमनी सैलावणारं नायट्रिक ऑक्साइड सापडलं आणि १९९८ चं नोबेल मिळालं. तुझ्या हाताची सफाई हाच तुझा पहिला निष्कर्ष असतो.

आता एक नागपुरी अडचण. ही यंत्रं द्रावण गरम करू शकतात, थंड करू शकत नाहीत. आपल्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असली तर ३७ अंश आणणार कुठून? म्हणून कुठलीही प्रयोगशाळा पाहायला जाशील तेव्हा यंत्राआधी एसी आणि जनरेटर बघ. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

सुरुवात आजच करता येते, यंत्राशिवाय. मोमिनपुऱ्यातल्या मटणवाल्याला बोकडाच्या आतड्यालगतचा ताजा पडदा माग. तो बहुधा फुकट देईल आणि वर चमत्कारिक नजरेने पाहील. कॉलेजातला साधा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि चांगला चिमटा एवढ्यावर धमनी शिरेपासून वेगळी करायला शिक. तास दीड तास मान वर न करता हे करायला आवडलं, तर हा विषय तुझा.

सरांशी भांडू नको. त्यांना विचार, शहरातल्या एखाद्या शल्यचिकित्सा विभागाशी मिळून काम होईल का. ठरलेल्या शस्त्रक्रियांत निघणारा चरबीचा छोटा तुकडा एरवी फेकलाच जातो. रुग्णाची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी असेल, तर त्या तुकड्यातल्या धमन्यांचे पातळ छेद घेऊन रंगवता येतात. भिंत किती, पोकळी किती, हे मायोग्राफ नसतानाही मोजता येतं. पण दाब न देता गोठवलेली धमनी आकसलेली असू शकते, तेव्हा ते माप अखेरचं समजू नको, आणि प्रबंधात तसं लिही. प्राण्यांवर काम करायचं तर संस्थेची प्राणिशाळा नोंदलेली आणि प्राणी नैतिकता समितीची परवानगी हातात असल्याशिवाय उंदराला बोटही लावायचं नाही.

पैशांचं. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा असते. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडं. घरच्यांना हा आकडा सांग, ‘नोकरी बघ’चा सूर थोडा खाली येईल. राज्याच्या योजना प्रवर्गाप्रमाणे आहेत. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती आहे आणि तिचं कार्यालय आपल्याच शहरात आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, दोन्ही पुण्याला. नियम बदलतात, जाहिरात पूर्ण वाचूनच अर्ज भर.

बाहेर जावं का? जावं, पण नुसत्या देशाच्या नावाला भुलून नको. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी योजनेत पीएच.डी.ची जाळी असतात. वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळा आणि कंपन्या एकच विषय वाटून घेतात आणि विद्यार्थ्यांना एकत्र घडवतात. लहान धमन्यांसारख्या विषयाला ही रचना चपखल बसते, कारण धमनी तारेवर ओवणारे एकीकडे, जनुकं वाचणारे दुसरीकडे, मेंदूची चित्रं काढणारे तिसरीकडे असतात, आणि एका छताखाली हे सगळं क्वचितच सापडतं. विद्यार्थी ठरावीक काळ दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन तिथली पद्धत हाताने शिकून येतो. कुठल्याही देशाचा उमेदवार चालतो. अटी दोन : आधीची पीएच.डी. नको, आणि नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नको. म्हणजे नागपूर न सोडलेल्या मुलीला ही दुसरी अट आडवी येतच नाही! शिष्यवृत्तीऐवजी पगारी नोकरीचा करार मिळतो, हेही घरी सांग. जागा युरॅक्सेस या पोर्टलवर निघतात.

मुलाखतीत आवड किती आहे हे सांगत बसू नको, ते सगळेच सांगतात. बोकडाच्या धमन्यांचे तू स्वतः काढलेले फोटो दाखव, खाली मापपट्टी असलेले. आणि उलट त्यांना विचार : पहिले सहा महिने माझ्या शेजारी बसून हात कोण शिकवणार? या प्रश्नाला ज्यांना एक नाव पटकन सांगता येईल, तिथे जा.

प्रश्न : तुकडा न कापता लहान धमन्या पाहायची सोय नाही का? — एक विज्ञान शिक्षक, कामठी

उत्तर : सर, आहे. डोळ्याच्या पडद्यावर त्या उघड्याच दिसतात. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये त्यासाठी उपकरण बनवलं, आणि १९३९ मध्ये कीथ, वेजनर आणि बार्कर यांनी डोळ्यातल्या खुणांवरून बीपीच्या रुग्णांचे चार गट पाडले. साध्या तपासणीत मात्र रक्ताची रेघ दिसते, भिंत नाही. भिंत मोजायला आता दुर्बिणींसाठी विकसित झालेलं एक तंत्र वापरतात. ताऱ्याची प्रतिमा हवेने थरथरते ती सुधारायला बनवलेले लवचीक आरसे डोळ्याच्या भिंगांतले दोषही दुरुस्त करतात, आणि धमनीची भिंत आणि पोकळी वेगवेगळी मोजता येते. हे अजून मुख्यतः संशोधनातच आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांना आजी-आजोबांच्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद आणायला सांगा. मधुमेह-बीपीवाल्यांच्या कागदावर पडद्यातल्या रक्तवाहिन्यांबद्दल बहुधा एखादी ओळ असते. कागदच नसेल, तर ती तपासणी राहून गेली आहे हे घरात कळेल.